जांभळीच्या पुढे

डंपीच्या पुढच्या उजव्या पायावरचे केस जायला लागले तेव्हा मला आधी खरूज वाटली. खरवडून घेतलेली कातडी मी भिंगाखाली धरली. किडा नव्हता, बुरशी नव्हती. मग एक अख्खी दुपार मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले आणि पुस्तक न वाचता त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा उलगडा झाला. साखळीला बांधलेला डंपी डोळे अर्धे मिटून तीच एक जागा चाटत होता. थांबायचा, रस्त्याकडे बघायचा आणि पुन्हा चाटायचा. कातडी लाल आणि ओली झाली होती.

गुरांचे डॉक्टर त्याच सुमारास शेजारच्यांची गाय बघायला आले होते. त्यांना दाखवलं.

"मलम देतो," ते म्हणाले, "पण तेही हा चाटून टाकील. याला रोग नाही, याला काम नाही. पूर्वी काय करायचा हा?"

"नानांबरोबर फिरायला जायचा. रोज सकाळी, वळवणच्या धरणापर्यंत."

"मग तेच औषध," डॉक्टर म्हणाले. नाना खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

नाना म्हणजे माझे वडील. वळवणचं धरण बांधलं गेलं तेव्हा ते तिथे ओव्हरसीअर होते. नोकरी संपल्यावरही रोज सकाळी ते धरण जागेवर आहे की नाही हे बघून येत. जमिनीची पातळी बघायची एक बुटकी दुर्बीण असते, तिला त्यांच्या कामात डंपी म्हणतात. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून आणलेलं हे पिल्लू तसंच बुटकं होतं आणि एका जागी बसून एकटक बघायचं. म्हणून नाव डंपी. त्या वर्षी श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून नानांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. घरात ते कुबड्यांवर हिंडत. फाटकाबाहेर मात्र एकदाही गेले नव्हते.

मी पुण्याला बी. एस्सी. झाले होते आणि तिथल्याच एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत मला जागा मिळाली होती. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं. नानांचं जेवणखाण आत्या बघणार होती. पण कुत्र्याला हात लागला की तिला पुन्हा आंघोळ करावी लागे, त्यामुळे डंपी तिच्या हिशेबात नव्हता. त्याला मोकळा सोडावा तर आमच्याच आळीतली दोन कुत्री बिबट्यानं नेली होती.

"घाटाखाली भिऱ्याच्या पॉवरहाऊसवर शिंत्रे आहेत," नाना एक दिवस म्हणाले. "त्यांना कुत्रं हवंय. देऊन टाक."

हे बोलताना त्यांचे डोळे वर्तमानपत्रावर होते आणि हात डंपीच्या कानावर.

"मी माणूस शोधते," मी म्हटलं. "डंपीला रोज फिरवून आणील असा."

"मिळाला तर ठीक. नाहीतर तुझ्या जाण्याआधी त्याची रवानगी भिऱ्याला. बांधलेलं कुत्रं मला बघवत नाही."

अशी मुदत पडली.

सरपण घेऊन येणाऱ्या सरुबाईला मी पहिल्यांदा सांगितलं, कारण तिला सांगितलेलं लोणावळ्यात सगळीकडे पोचतं. तिनं डोक्यावरची मोळी टाकली आणि कमरेवर हात ठेवून हसली.

"कुत्र्याला फिरवाया मानूस? का, त्याला पाय न्हाईत व्हय?"

"पाय आहेत. एकटा सोडला तर वाघरू नेईल."

"आन मानसासंगट ग्येला तर वाघरू मानसाला न्हेणार न्हाई?" तिनं डंपीकडे बघितलं. "बरं, सांगते समद्यास्नी. कुनी न्हाई मिळालं तर मी हायेच. रानात जाताना डोकं मोकळंच असतंय."

माणूस निवडायचा म्हणजे परीक्षा घ्यायला हवी, आणि परीक्षा सगळ्यांची सारखी हवी. मी ठरवलं, रस्ता एकच, वेळ एकच, डंपी प्रत्येक वेळी उपाशी. बदलेल तो फक्त साखळी धरणारा माणूस. मी बरंच अंतर ठेवून मागून चालणार.

पहिला आला हौशीराम. मोठ्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन खेचरं सांभाळून आलेला, मिशीला पीळ, पायात सरकारी बूट. त्यानं नानांना सलाम ठोकला, डंपीला हिंदुस्थानीत "चलो" म्हटलं आणि दोघं ऐटीत निघाले. आमच्या घरापासून वळवणचा रस्ता सरळ जातो आणि मग एका जुन्या जांभळीपाशी वळतो. त्या जांभळीशी डंपी बसला. हौशीराम "आगे" म्हणाला, "उठो" म्हणाला, शेवटी "च्यायला" म्हणाला. डंपी उठला नाही.

"हिसडे मारतो तो," नाना म्हणाले. "लष्करी माणूस. कुत्र्याला कवाईत शिकवायला बघतो."

दुसऱ्या दिवशी सरुबाई. ती डंपीला तिच्या सुनेच्या गोष्टी सांगत चालली होती आणि तो कान देऊन ऐकत होता. मला वाटलं, जमलं. जांभळीशी डंपी बसला. सरुबाई त्याच्या शेजारी बसली, तिनं चंची सोडून पान लावलं, गोष्ट पुरी केली आणि त्याला परत आणला.

"तिचं लक्ष बोलण्यात," नाना म्हणाले. "कुत्रं सुटलं तरी कळायचं नाही."

मग आला गेणू, एका बंगल्याचा माळी. त्यानं खिशात भाकरी आणली होती. जांभळीशी डंपीनं बसल्या बसल्या ती सगळी भाकरी खाल्ली.

"हा तर लाच देतो," नाना म्हणाले.

मी चिडले होते. नानांना कुणीच पसंत पडत नव्हतं, आणि डंपीलाही. जायचा दिवस जवळ येत होता. रविवारी मी स्वतःच साखळी घेतली. इतके दिवस मी त्याला फाटकाबाहेर जरा हिंडवून आणत होते, तेवढंच. माझ्याबरोबरही तो जांभळीशी आला आणि बसला.

मी साखळी ओढली नाही. माणूस बदलूनही निकाल तोच येतो आहे, तर कारण माणसात नाही, जागेत आहे. हे मला आधीच सुचायला हवं होतं. जांभळीखाली काय आहे ते मी शोधलं. काही नव्हतं. मग मी त्याच्या शेजारी मातीत बसले आणि माझं डोकं त्याच्या डोक्याच्या उंचीला आणलं. तो मागे बघत होता. मीही मागे बघितलं. सरळ रस्त्याच्या टोकाला आमची ओसरी दिसत होती आणि तिथे खाटेवर बसलेले नाना. मी उठून पुढे गेले. वळणावरच्या बंगल्याचं मेंदीचं कुंपण आड आलं आणि ओसरी नाहीशी झाली. परत मागे आले, ओसरी दिसली. डंपी अगदी तिथे बसला होता जिथून नाना शेवटचे दिसतात.

घरी येऊन मी हे नानांना सांगितलं. कुंपणाची रेघ कशी आड येते ते बोटानं हवेत काढूनही दाखवलं. शोध लागल्याचा आनंद मला झाला होता, तो त्यांनाही होईल असं मी धरून चालले.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"म्हणजे माणूस कुणीही आण, तो जाणार नाही."

"तुम्ही दिसेनासे झालात की तो थांबतो."

"मग भिऱ्यालाच पाठव. तिथून मी मुळीच दिसत नाही. सवय होईल."

"किंवा तुम्ही चला बरोबर."

"कशावर? त्या दोन बांबूंवर?" त्यांनी दाराआडच्या कुबड्यांकडे बोट दाखवलं. "त्या रस्त्यावरचा दगड न् दगड मला ओळखतो. लोक म्हणतील, बघा, साहेब चार पायांचे झाले. शिंत्र्यांना कार्ड टाक, अरू. हा विषय संपला."

कार्ड मी टाकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीराम पुन्हा फाटकाशी आला तेव्हा त्याला काय सांगावं हे मला कळेना. "एक चानस द्या, ताई," तो म्हणत होता. "काल रातभर इचार केला. खेचरासंगट जमलं, कुत्र्यासंगट का जमू नये?"

एवढ्यात एक रिकामी बैलगाडी आमच्या फाटकाशी येऊन थांबली. तिच्या चाकांमधला आख इतका कुरकुरत होता की ती दिसायच्या आधीच ऐकू आली होती. गाडीवान खाली उतरला. काळा, उंच, खांद्यावर घोंगडी आणि हातात दोरीचा एक तुकडा. आमच्या ओळखीचा नव्हता. त्यानं ओसरीकडे बघून रामराम केला.

"मी कोंडाजी. आंदर मावळातला. गवताच्या दिसांत हितं बहिनीकडं ऱ्हातो. वळवनाच्या पल्याडनं गवत आनून टेसनावर टाकतो." तो अंगणात आला. "सरुबाई म्हनली, कुत्रं फिरवायचं हाय. कुटं हाय? बांधतो आन जातो."

"बांधतो?" मी विचारलं. "कुठे?"

"कुटं म्हंजी? गाडीखाली, आखाला." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो गोंधळला. "कुत्रं फिरवायचं म्हंजी आनी कसं फिरवत्यात? आमचं थोरलं कुत्रं असंच तळेगावच्या बाजारापतूर जायाचं. वर सावली, पायाखाली वाट. बैलाच्या चालीनं चालतंय. मानूस कशाला लागतोय त्याला?"

"चाकाखाली?" ओसरीवरून नानांचा आवाज आला. असा आवाज श्रावणानंतर मी ऐकलाच नव्हता. "माझं कुत्रं तू चाकाखाली देणार?"

"चाकाखाली न्हाई, साहेब. दोन चाकांच्या मधी."

"मधी म्हणजे किती? मोजलंयस? अरू, माझी पट्टी!"

नानांची घडीची लाकडी पट्टी मी आतून आणली. बाहेर येते तो खाट रिकामी. नाना कुबड्यांवर पायऱ्या उतरत होते. आत्या दारात येऊन तोंडावर पदर धरून उभी राहिली. मी पट्टी घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. अंगण, फाटक, आणि फाटकाच्या बाहेर गाडी. नाना चाकाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी मला वाकायला लावलं.

"या चाकापासून त्या चाकापर्यंत. सांग."

मी सांगितलं.

"आता दोरी. कोंडाजी, तू ही एवढी लांब सोडणार होतास?"

"ह्या गाठीपतूर."

"मूर्खा, मध्यावर बांधलीस तरी एवढ्या दोरीत त्याचा पाय चाकाला लागेल. इथे गाठ मार. नको, आण इकडे." कुबडी काखेत दाबून नानांनी स्वतः गाठ मारली. कोंडाजीनं ती ओढून बघितली आणि मान हलवली.

"बेस बसली."

"बसली, पण चढाला दोरी घसरून एका बाजूला गेली तर? तू पुढे बैलांकडे बघणार. खाली कोण बघणार? मी डोळ्यानं बघितल्याशिवाय हे कुत्रं तुझ्या ताब्यात देणार नाही."

"मंग बसा की वर," कोंडाजी म्हणाला. "जाताना गाडी मोकळीच हाय."

नानांनी रस्त्याकडे बघितलं. त्यांची मान ताठ झाली. आता ते मागे फिरणार हे मला कळलं, आणि बहुधा हौशीरामलाही. तो पुढे झाला, त्यानं टाचा जुळवून सलाम केला आणि नानांना दोन्ही हातांनी उचललं.

"हौशीराम! खाली ठेव मला!"

"ठेवतो, साहेब. गाडीत ठेवतो."

गाडीत गवताचा थर होता. त्यावर नाना बसले, लाल झालेल्या चेहऱ्यानं. कुबड्या त्यांनी ओढून घेतल्या आणि गवतात पार खाली दडपल्या. कोंडाजीनं डंपीला आखाला बांधलं. डंपीनं दोन्ही चाकं हुंगली, वर बघितलं, शिंकला. मग बैल निघाले आणि तोही निघाला.

मी मागून चालत होते. हौशीराम माझ्याशेजारी, हातात रिकामी साखळी. जांभळ जवळ यायला लागली तशी डंपीची चाल मंदावली. त्यानं मान मागे वळवली, तिकडे घर होतं. ओसरीवर खाट होती आणि खाटेवर कुणी नव्हतं. त्याच क्षणी वरून नानांचा आवाज आला, "कोंडाजी, या आखाला वंगण कधी घातलं होतंस?"

डंपीचे कान उभे राहिले.

"घालत न्हाई, साहेब. आवाज असला म्हंजी वाघरू लांब ऱ्हातंय."

"ऱ्हातंय कसलं, बहिरं झालं असेल ते!"

मेंदीचं कुंपण आड आलं. डंपीनं मान पुढे केली आणि तो जांभळीच्या पुढे गेला. थेट नानांच्या खाली, चाकांच्या मधोमध, शेपूट वर करून.

"गेला," हौशीराम हळूच म्हणाला. मी मान हलवली.

पुढे चढावर सरुबाई समोरून आली, डोक्यावर मोळी. तिला बघताच नानांचा हात गवतावर गेला आणि कुबडीचं बाहेर आलेलं टोक त्यांनी झाकलं. सरुबाई रस्त्याच्या मधोमध थांबली.

"आगं बया! साहेब! किती दिसांनी!" मग तिनं वाकता येईल तेवढं वाकून गाडीखाली बघितलं. "कुत्रं खाली, साहेब वर. आन हौशीराम, तू रं? साखळी घिऊन कुनाला फिरवतोयस? वाऱ्याला?"

"तुला बांधू का?" हौशीराम म्हणाला.

"बांध की. मोळी तू घे." ती नानांकडे वळली. "पाय कसा हाय, साहेब?"

लोणावळ्यात हा प्रश्न नानांना कुणी सरळ विचारला नव्हता. भेटायला येणारे हवापाण्याचं बोलून जात.

"आखूड झालाय," नाना म्हणाले.

"सासऱ्याचाबी झालता माझ्या. तरी म्हशीमागं त्योच जायाचा. कुनाला जाऊ द्यायचा न्हाई." आणि ती मोळी सावरून आपल्या वाटेनं गेली. गाडीच्या हिसक्यानं कुबडीचं टोक पुन्हा गवतातून वर आलं. या वेळी नानांनी ते झाकलं नाही.

धरण काठोकाठ होतं. कोंडाजी नानांना तिथे उतरवून गवत भरायला पुढे गेला. नाना कुबड्यांवर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. डंपीची दोरी त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली होती. मी ती मागितली तर दिली नाही. त्यांनी हौशीरामला दाखवलं, की कुठल्या थराला दगड कमी पडले होते आणि कसे रात्रंदिवस गाडे लावून ते आणले. हौशीरामनं त्यांना वाळवंटात खेचराला पाणी कसं पाजतात ते सांगितलं. दोघांनाही एकमेकांचं काही खरं वाटलेलं दिसलं नाही, पण दोघंही लक्ष देऊन ऐकत होते. डंपी पाणी प्यायला, ओळखीचा एक दगड हुंगून आला आणि नानांच्या पायाशी आडवा पडला. एवढ्या वेळात त्यानं पाय चाटला नाही. मी बघत होते.

परत येताना कोंडाजीनं गवताचे भारे मागच्या बाजूला रचले आणि पुढे नानांपुरती जागा ठेवली.

संध्याकाळी नाना म्हणाले, "कोंडाजी माणूस बरा आहे."

"मग ठरवायचं त्याला?"

"ठरव. पण निष्काळजी आहे. वंगण घालत नाही, दोरी मोजत नाही. त्याच्यावर देखरेख लागेल."

"कोण करणार देखरेख?"

"कोण म्हणजे? मीच. दुसरं कोण मोकळं आहे या घरात? आणि हौशीरामलाही सांगून ठेव. चढायला उतरायला एक माणूस लागतो." त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. "चढायला लागतो. उतरायचं मी शिकेन."

"आणि पावसाळ्यात? लावणीला कोंडाजी गावी जाणार."

"पावसाळा यायला अजून वेळ आहे," नाना पानाआडून म्हणाले. "तोवर जांभळीच्या पुढे पायी जायचं कुणीतरी शिकेल."

"कोण? डंपी?"

नानांनी पान उलटलं.

मी पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी डंपीचा पाय उजेडात धरून बघितला. खपली कोरडी होती आणि तिच्या कडेनं बारीक, मऊ केस उगवत होते. शिंत्र्यांना कार्ड टाकायचं राहिलं होतं, ते राहूच दिलं. फाटकाशी गाडी उभी राहिली. हौशीरामनं हात दिला, नाना चढले, कुबड्या शेजारी उघड्या ठेवल्या.

"पुण्याची गाडी चुकवू नकोस," ते मला म्हणाले. "आणि ॲसिडात पाणी ओतू नकोस."

"पाण्यात ॲसिड, नाना. माहीत आहे मला."

"माहीत असणाऱ्यांचेच हात भाजतात. चल, कोंडाजी."

मी ओसरीवर त्यांच्या खाटेवर बसून बघत राहिले. बैल, गाडी, चाकांच्या मधे डंपीची शेपूट. जांभळीशी गाडी वळली, मेंदीचं कुंपण आड आलं आणि सगळं दिसेनासं झालं.

"गेले का?" आत्यानं आतून विचारलं.

"दिसत नाहीत आता," मी म्हटलं. पण आख कुरकुरत होता. वंगण अजून घातलं नव्हतं. तो आवाज वळवणच्या दिशेनं लांब लांब जात राहिला. तो अगदी पुसट होईपर्यंत मी ऐकला आणि मग ट्रंक बंद करायला आत गेले.